कोमार्नो: डॅन्यूबकाठच्या दुभाषिक सीमावर्ती शहराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लोव्हाकियातील कोमार्नो या शहराविषयी प्रवासी, विद्यार्थी आणि सीमाप्रश्नाचे अभ्यासक पुन्हा पुन्हा पाठवीत असलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक माहितीचे असून पुढचे कायद्याच्या बारकाव्यांचे आहेत. एका मुद्द्याचा दुसऱ्याशी संबंध आहे तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. कोमार्नो नेमके कुठे आहे, आणि नकाशावर जवळजवळ एकाच नावाची दोन शहरे का दिसतात?

कोमार्नो स्लोव्हाकियाच्या दक्षिण सीमेवर, वाह नदी डॅन्यूबला मिळते त्या संगमावर वसले आहे. डॅन्यूबच्या पलीकडच्या काठावर हंगेरीतील कोमारोम आहे. मूळ शहर, म्हणजे जुनी बाजारपेठ, चर्च आणि नगरभवन, उत्तर काठावर होते. 1892 साली एलिझाबेथ पूल बांधला गेला आणि 1896 साली दक्षिण काठावरचे उय-सोन्य हे गाव शहरात विलीन झाले. दोन्ही काठ मिळून एक शहर ही स्थिती जेमतेम पाव शतक टिकली. पहिल्या महायुद्धानंतर नदी हीच दोन देशांची सीमा झाली आणि एका शहराची दोन शहरे झाली. हंगेरियन माणूस बोलताना दोन्हींना कोमारोमच म्हणतो आणि फरक सांगायची वेळ आली तर उत्तरेकडच्या शहराला रेवकोमारोम म्हणतो. या पानावर स्लोव्हाकियातील शहरासाठी कोमार्नो आणि हंगेरीतील शहरासाठी कोमारोम असेच लिहिले आहे.

2. पूल ओलांडताना पासपोर्ट दाखवावा लागतो का? पैसे कोणते चालतात?

एरवी लागत नाही. दोन्ही देश 1 मे 2004 रोजी युरोपीय संघात आले आणि 21 डिसेंबर 2007 पासून शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे पुलावरची नेहमीची तपासणी बंद झाली. भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा मात्र हवाच, आणि पूल ओलांडणे म्हणजे दुसऱ्या देशात जाणे असल्यामुळे पासपोर्ट खिशात असावा. तपासणी तात्पुरती परत येऊ शकते. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाल्या तेव्हा आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये स्लोव्हाकियाने हंगेरीच्या सीमेवर तपासणी सुरू केली तेव्हा, कामासाठी रोज पलीकडे जाणाऱ्यांना आपण दोन देशांत राहतो याची आठवण झाली.

स्लोव्हाकियात 1 जानेवारी 2009 पासून युरो आहे, तर हंगेरीत फोरिंट. एलिझाबेथ पुलाखेरीज रेल्वेचा पूल आहे आणि सप्टेंबर 2020 पासून मोनोश्तोर पूलही सुरू झाला आहे. अवजड वाहतूक नव्या पुलाकडे वळवता येत असल्यामुळे जुन्या पुलावरून चालत जाणे आता अधिक सुखाचे आहे.

3. हंगेरियन लोक तिथे अल्पसंख्य आहेत की बहुसंख्य? दोन्ही वाचायला मिळते.

दोन्ही खरे आहे, आणि या शहराविषयीचा बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. 2011 च्या जनगणनेनुसार कोमार्नोची लोकसंख्या सुमारे 34 हजार होती. तीत स्वतःला हंगेरियन म्हणवणारे सुमारे 54 टक्के, तर स्लोव्हाक म्हणवणारे साधारण एक तृतीयांश होते. देशाच्या पातळीवर मात्र हंगेरियन 2011 साली 4,58,467, म्हणजे साडेआठ टक्के होते आणि 2021 साली ते 4,22,065, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास आले. कायदा देशाचा हिशेब धरून त्यांना अल्पसंख्य मानतो, पण बाजारात, चर्चमध्ये आणि नगरपालिकेत ते बहुसंख्य असतात.

आकडे वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2021 च्या जनगणनेत पहिल्यांदाच दुसरे राष्ट्रीयत्वही नोंदवण्याची मुभा होती आणि सुमारे 34 हजार लोकांनी हंगेरियन हे दुसऱ्या क्रमांकाला लिहिले. मिश्र विवाहांच्या घरांत ‘तू कोण?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते हे जनगणनेला फार उशिरा कळले, असे म्हणावे लागते.

4. रस्त्यावर कोणती भाषा बोलतात? स्लोव्हाक आणि हंगेरियन एकमेकींसारख्या आहेत का?

नाहीत. स्लोव्हाक ही स्लाव गटातील, म्हणून दूरच्या नात्याने मराठीच्याही इंडो-युरोपीय कुळातली भाषा आहे. हंगेरियन उरालिक कुळातली असून फिनिश आणि एस्टोनियन या तिच्या लांबच्या बहिणी आहेत. एक भाषा येते म्हणून दुसरी अंदाजाने कळत नाही, ती शिकावीच लागते.

दुकानात गिऱ्हाईक ज्या भाषेत नमस्कार करील त्या भाषेत पुढचा व्यवहार होतो. ‘दोब्री देन्य’ म्हटले की स्लोव्हाक, ‘यो नापोत’ म्हटले की हंगेरियन. विक्रेत्याला दोन्ही येत असतात आणि गल्ल्यावर उभ्या असलेल्या दोघांशी तो आलटून पालटून बोलतो. बाहेरून आलेल्या स्लोव्हाक कुटुंबांपैकी अनेकांना हंगेरियन येत नाही, आणि भोवतालच्या खेड्यांतील वयस्कर हंगेरियनांची स्लोव्हाक अडखळती असते. म्हणजे शहर दुभाषिक असले तरी त्यातला प्रत्येक माणूस दुभाषिक नाही.

5. बहुसंख्य हंगेरियन असलेले शहर स्लोव्हाकियात गेलेच कसे?

जानेवारी 1919 मध्ये चेकोस्लोव्हाक सैन्याने उत्तर काठ ताब्यात घेतला आणि 4 जून 1920 रोजी हंगेरीशी झालेल्या त्रियानों तहाने त्यावर शिक्कामोर्तब केले. समुद्रकिनारा नसलेल्या चेकोस्लोव्हाकिया या नव्या राष्ट्राला डॅन्यूबवर बंदर, पूर्व-पश्चिम जाणारी रेल्वे आणि नदीकाठची सुपीक जमीन हवी होती. भाषेच्या आधाराने रेषा ओढली असती तर ती नदीच्या बरीच उत्तरेला गेली असती. अर्थकारण आणि संरक्षण यांच्यापुढे भाषेचा निकष मागे पडला.

2 नोव्हेंबर 1938 रोजी व्हिएन्नात जर्मनी आणि इटली यांनी दिलेल्या निवाड्याने शहर पुन्हा हंगेरीकडे गेले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये दोन्ही बाजूंची बोलणी खुद्द कोमार्नोत झाली होती आणि फिसकटली होती. 1945 नंतर जुनी सीमा परत आली आणि हंगेरियनांच्या दृष्टीने सर्वांत कठीण वर्षे सुरू झाली. त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. 27 फेब्रुवारी 1946 च्या करारानुसार लोकसंख्येची अदलाबदल झाली, पण तिची रीत दोन्हीकडे सारखी नव्हती. हंगेरीतील स्लोव्हाक स्वेच्छेने नाव नोंदवून येत, तर चेकोस्लोव्हाकियातून कोणत्या हंगेरियनांनी जायचे हे तेथील सरकार ठरवीत असे. आणखी हजारोंना सक्तीच्या कामासाठी चेक प्रदेशात हलवले गेले. घरदार वाचावे म्हणून तीन लाखांहून अधिक लोकांनी आपण मूळचे स्लोव्हाकच आहोत असे लिहून दिले. 1948 साली नागरिकत्व परत मिळाले, परंतु सरकारी अर्जावर स्वतःची जात-भाषा लिहिताना हात आखडता घेण्याची सवय काही घरांतून पुढच्या पिढीपर्यंत गेली. प्रश्न 3 मधील आकडे त्या पार्श्वभूमीवर वाचावेत.

1 जानेवारी 1993 रोजी स्वतंत्र स्लोव्हाकिया झाला तेव्हा सीमा तीच राहिली. दोन देशांनी 19 मार्च 1995 रोजी पॅरिसमध्ये केलेल्या मूलभूत करारात ती परस्परांना मान्य केली आहे.

6. सरकारी कार्यालयात हंगेरियन चालते का?

कोमार्नोत चालते, आणि त्याला कायद्याचा आधार आहे. देशाची राज्यभाषा स्लोव्हाक आहे. 1999 च्या अल्पसंख्याक भाषा कायद्याने, ज्या गावात एखाद्या अल्पसंख्य समाजाचे प्रमाण 20 टक्के आहे तेथे त्या समाजाच्या नागरिकांना आपल्या भाषेत तोंडी व लेखी व्यवहार करण्याचा हक्क दिला. 2011 च्या दुरुस्तीने ही अट 15 टक्क्यांवर आणली, पण हे प्रमाण लागोपाठच्या दोन जनगणनांत दिसले पाहिजे असे घातले.

व्यवहारात याचा अर्थ असा की कोमार्नोचा रहिवासी नगरपालिकेत हंगेरियनमध्ये अर्ज देऊ शकतो. त्याला उत्तर स्लोव्हाकबरोबर हंगेरियनमध्येही मिळते. मागणी केल्यास निर्णयाची प्रत दोन्ही भाषांत मिळते. दोन मजकुरांत तफावत आढळली तर स्लोव्हाक मजकूर प्रमाण मानला जातो. हक्क कागदावर भक्कम आहे, पण तो मागावा लागतो आणि मागणाऱ्याला भाषेतील कार्यालयीन परिभाषा यावी लागते. करविषयक नोटीस स्लोव्हाकमध्येच वाचणे सोपे जाते म्हणणारे हंगेरियनभाषक कमी नाहीत, कारण ती परिभाषा त्यांनी नोकरीत स्लोव्हाकमध्येच शिकलेली असते. माझ्या मते या कायद्याची खरी अडचण टक्केवारीपेक्षा इथे आहे.

7. गावाच्या आणि रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात का?

असतात. गावाच्या वेशीवरील पाटीचा हक्क 1994 च्या वेगळ्या कायद्याने मिळाला. रेल्वे स्थानकांवरील हंगेरियन नावांसाठी मात्र 2017 उजाडावे लागले. टक्केवारीची अट प्रश्न 6 प्रमाणेच.

8. शाळेत मुले कोणत्या भाषेत शिकतात? विद्यापीठही हंगेरियन आहे का?

पालक निवड करतात. हंगेरियन माध्यमाच्या शाळेत गणितापासून इतिहासापर्यंत सर्व विषय हंगेरियनमध्ये शिकवले जातात आणि स्लोव्हाक हा स्वतंत्र विषय असतो. स्लोव्हाक माध्यमाच्या शाळांत हंगेरियन घरांतील मुलेही जातात. दोन्ही माध्यमे सरकारी शिक्षणव्यवस्थेचा भाग आहेत. 1997 साली पंतप्रधान मेचियार यांच्या सरकारच्या काळात हंगेरियन शाळांची दुभाषिक प्रगतिपुस्तके बंद करण्यात आली तेव्हा पालक आणि शिक्षक रस्त्यावर आले होते. पुढे सरकार बदलल्यावर 1999 मध्ये ती परत सुरू झाली.

पालकांच्या निवडीत एक जुना पेच आहे. मुलाला चांगली स्लोव्हाक यावी म्हणून स्लोव्हाक शाळेत घालावे, तर हंगेरियनमध्ये लिहिणे सुटते. हंगेरियन शाळेत घातले, तर स्लोव्हाक पुस्तकी राहते. हंगेरियन शाळांतून स्लोव्हाक भाषा मातृभाषेसारखी न शिकवता परकी भाषा शिकवतात तशी शिकवावी, अशी तेथील शिक्षकांची बऱ्याच काळापासूनची मागणी आहे आणि ती रास्त वाटते.

शहरातील शेये यानोश विद्यापीठ 2004 साली कायद्याने स्थापन झाले असून तेथील अध्यापन प्रामुख्याने हंगेरियनमध्ये होते. ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते हान्स शेये, म्हणजे शरीरावरील ताणाचा शास्त्रीय अभ्यास करणारे वैद्यकीय संशोधक, या शहरात वाढले.

9. एकाच बाईचे नाव कागदांवर दोन प्रकारे लिहिलेले दिसते. असे का?

हंगेरियनमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर येते, स्लोव्हाकमध्ये उलट. शिवाय स्लोव्हाक रीतीने स्त्रीच्या आडनावाला ‘ओवा’ हा प्रत्यय लागतो. त्यामुळे घरी आणि चर्चच्या वहीत नॉज कातालिन असलेली बाई सरकारी कागदावर कातारिना नॉजोवा झालेली असे. 1993 आणि 1994 च्या कायद्यांनी अल्पसंख्य समाजातील स्त्रियांना प्रत्ययाविना आडनाव आणि आपल्या भाषेतले नाव नोंदवण्याची मोकळीक दिली. तरीही आई ‘ओवा’सह आणि मुलगी ‘ओवा’विना, अशी कुटुंबे सर्रास आढळतात. जुनी कागदपत्रे बदलत बसण्यापेक्षा आहे ते चालू द्यावे, असा बहुतेकींचा हिशेब असतो. वंशावळ शोधणाऱ्यांनी दोन्ही रूपे तपासावीत.

10. संसदेत हंगेरियनांसाठी राखीव जागा आहे का?

नाही. स्लोव्हेनियात तशी एक जागा आहे, म्हणून हा घोटाळा होतो. स्लोव्हाकियात पक्षाला 5 टक्के मते मिळवावी लागतात. हंगेरियन समाज आता आठ टक्क्यांच्या आतबाहेर असल्यामुळे त्याची मते दोन पक्षांत विभागली की दोन्ही पक्ष बाहेर राहतात. 2020 च्या निवडणुकीत हेच घडले. एकत्र येऊन लढूनही 2023 साली पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडता आला नाही. नगरपालिकेत मात्र हंगेरियन उमेदवार सहज निवडून येतात.

11. कोमार्नोच्या रहिवाशाला हंगेरीचा पासपोर्ट घेता येतो का?

हंगेरीच्या बाजूने पाहिले तर येतो, स्लोव्हाकियाच्या बाजूने पाहिले तर त्याची किंमत मोजावी लागते. हंगेरीने 26 मे 2010 रोजी कायदा करून, पूर्वज हंगेरीचे नागरिक असलेल्या आणि हंगेरियन येणाऱ्या व्यक्तीला हंगेरीत न राहताही नागरिकत्व मिळण्याची सोय केली. स्लोव्हाक संसदेने त्याच दिवशी उलट कायदा केला: स्वतःच्या इच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे स्लोव्हाक नागरिकत्व संपते. ही गोष्ट कळवली नाही तर तीन हजार युरोंहून अधिक दंडाची तरतूदही होती. जन्माने किंवा विवाहाने दुसरे नागरिकत्व मिळाले असेल तर हा नियम लागू नाही.

2022 साली सवलत दिली गेली. दुसऱ्या देशात किमान पाच वर्षे वास्तव्य असलेल्याला तेथील नागरिकत्व घेऊनही स्लोव्हाक नागरिकत्व ठेवता येते. बुडापेस्टमध्ये नोकरी करणाऱ्याला याचा लाभ होतो, पण कोमार्नोत जन्मभर राहिलेल्या आजोबांना होत नाही, कारण त्यांचे वास्तव्य पुलाच्या अलीकडेच राहिलेले असते. गंमत म्हणजे हंगेरियनांना डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या या कायद्याने, कामानिमित्त जर्मनी, चेकिया आणि ब्रिटनचे नागरिकत्व घेणाऱ्या स्लोव्हाकांचेच नागरिकत्व अधिक प्रमाणात गेले.

हंगेरीने 2001 च्या कायद्यानुसार दिलेले ‘हंगेरियन ओळखपत्र’ ही निराळी गोष्ट आहे. ते सवलतींचे कार्ड आहे, नागरिकत्व नव्हे, त्यामुळे ते बाळगल्याने स्लोव्हाक नागरिकत्वाला धक्का लागत नाही.

12. 2009 साली हंगेरीच्या राष्ट्राध्यक्षांना पुलावरूनच परत पाठवले होते, हे खरे का?

खरे आहे. हंगेरीचे पहिले राजे संत इश्तवान यांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी राष्ट्राध्यक्ष लास्लो शोयोम 21 ऑगस्ट 2009 रोजी कोमार्नोत येणार होते. 1968 साली वॉर्सा करारातील देशांच्या फौजा, त्यांत हंगेरीच्याही, चेकोस्लोव्हाकियात घुसल्या त्याचा तो स्मृतिदिन होता. स्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि संसदेचे सभापती या तिघांनी ही भेट अनुचित ठरवली आणि ऐन दिवशी स्लोव्हाकियाने शोयोम यांना प्रवेश नाकारणारी राजनैतिक चिठ्ठी पाठवली. शोयोम एलिझाबेथ पुलाच्या मध्यापर्यंत चालत आले, तेथे थांबले आणि माघारी गेले. पुतळ्याचे अनावरण त्यांच्याविना झाले.

युरोपीय संघाच्या नागरिकाला संघातील कोणत्याही देशात जाण्याचे स्वातंत्र्य आहे, या मुद्द्यावर हंगेरीने स्लोव्हाकियाला युरोपीय न्यायालयात खेचले. 16 ऑक्टोबर 2012 च्या निकालात हंगेरी हरली. राष्ट्रप्रमुखाचा दर्जा आंतरराष्ट्रीय कायद्याने ठरतो आणि त्या दर्जामुळे त्याच्या संचाराला मर्यादा घालता येते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे हंगेरीतील कोणीही सामान्य नागरिक त्या दिवशी पूल ओलांडून पुतळ्यापाशी जाऊ शकत होता, फक्त राष्ट्राध्यक्ष जाऊ शकत नव्हते.

13. एका दिवसात काय पाहावे?

क्लापका चौकापासून सुरुवात करावी. 1848-49 च्या उठावात हंगेरीच्या बाकी फौजांनी शस्त्रे ठेवल्यानंतरही कोमार्नोचा किल्ला सेनापती ग्योर्ग क्लापका यांनी ऑक्टोबर 1849 च्या आरंभापर्यंत लढवला. त्यांचा पुतळा चौकात आहे. संगमावरची जुनी आणि नवी गढी, लेखक मोर योकई आणि संगीतकार फ्रान्झ लेहार यांच्या जन्मगावाच्या खुणा, सर्ब व्यापाऱ्यांच्या वस्तीची आठवण देणारे ऑर्थोडॉक्स चर्च आणि युरोपातील निरनिराळ्या प्रदेशांच्या शैलीत बांधलेल्या इमारतींचे ‘युरोप आवार’ एवढे चालत पाहून होते. जेवणात योकई यांच्या नावाचे घेवड्याचे सूप मागवावे. त्यात धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा आणि कणकेच्या चिमटीएवढ्या गोळ्या असतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे.

14. कोमार्नो म्हणजे हंगेरियनांचे बेळगाव आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, विशेषतः सीमाभागातून. साम्य आहे: आसपास आपली भाषा बोलणारे राज्य, शहरात आपले लोक मोठ्या संख्येने, आणि पाट्या, शाळा व कार्यालयीन कागद यांवरून होणारे वाद. भारतातही भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेत, तालुक्यात किंवा जिल्ह्यात 15 टक्के लोक असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात असे ठरले आहे. कोमार्नोतील अटीचा आकडाही तोच निघावा हा योगायोग आहे.

फरक मात्र मोठे आहेत. बेळगावचा वाद एका देशातील दोन राज्यांचा असून महाराष्ट्राचा 2004 चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. कोमार्नोत सीमा दोन राष्ट्रांची आहे, ती कराराने मान्य झाली आहे (प्रश्न 5), आणि तेथील हंगेरियन पक्षांचे भांडण सीमा हलवण्यासाठी नसून भाषेचे हक्क आणि स्थानिक स्वायत्तता यांसाठी आहे. बेळगावच्या मराठी माणसाला पुण्यात घर घ्यायला नागरिकत्व बदलावे लागत नाही, म्हणून प्रश्न 11 सारखा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहत नाही.

15. शहरातील स्लोव्हाक लोकांचे काय? ते तिथे अल्पसंख्य नाहीत का?

संख्येने आहेत, कायद्याने नाहीत. स्लोव्हाक ही राज्यभाषा असल्यामुळे तिचा हक्क टक्केवारीवर अवलंबून नाही. राज्यभाषेच्या वापराचा नियम 2009 च्या राज्यभाषा दुरुस्तीनंतर कडक झाला आणि उल्लंघनासाठी 100 ते 5,000 युरो दंड ठेवण्यात आला. हंगेरियनांना त्याचा जाच वाटला. याउलट नगरसभेतील चर्चा हंगेरियनमध्ये रंगली की आपल्याला अनुवादाची वाट पाहावी लागते, ही स्लोव्हाक रहिवाशांची तक्रारही खोटी नाही.

16. कोमार्नोचा हंगेरियन ब्रातिस्लाव्हात राहायला गेला तर त्याचे भाषेचे हक्क बरोबर जातात का?

बहुतेक जात नाहीत. प्रश्न 6 मधील हक्क माणसाबरोबर फिरत नाही, तो कायम वास्तव्याच्या गावाशी बांधलेला आहे. ब्रातिस्लाव्हात हंगेरियनांचे प्रमाण 15 टक्क्यांच्या खूप खाली आहे, त्यामुळे तेथील महापालिकेत हंगेरियन अर्ज स्वीकारण्याचे बंधन नाही. जो कोमार्नोत नोंदणी कायम ठेवून राजधानीत नोकरी करतो, त्याला हा हक्क कोमार्नोतील कार्यालयापुरता राहतो. आडनावाची प्रत्ययाविना नोंद (प्रश्न 9) मात्र देशभर वैध असते. न्यायालयातील स्थिती आणखी वेगळी आहे: कामकाजाची भाषा आपल्याला येत नाही असे सांगणाऱ्या कोणालाही राज्यघटनेनुसार दुभाष्या मिळतो, मग त्या गावात त्याच्या भाषेचे लोक किती टक्के आहेत हे पाहिले जात नाही.